व्हाइट सरांची बायको

"तुला कळलीच नाही ती सिरीयल," मी आईला म्हणालो आणि तोंडातून शब्द बाहेर पडतानाच वाटलं, हे गिळायला हवं होतं. आई काही बोलली नाही. तिने मांडीवरचा पेपर नीट पसरला, मेथीची जुडी पुढे ओढली आणि पानं खुडायला लागली. पंख्याच्या वाऱ्याने पेपरचे कोपरे फडफडत होते, आणि समोर टीव्हीवर वॉल्टर व्हाइट अर्धवट उघड्या तोंडाने थांबून राहिला होता. मीच थांबवला होता त्याला, आईशी वाद घालायला. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "येताना कोथिंबीर आण, संपलीय." मला कुठे जायचं नव्हतं. तरी मी चपला घातल्या आणि खाली उतरलो.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि ती तीन महिने आमच्याकडे होती. सकाळी व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, दुपारी बर्फाची पिशवी, संध्याकाळी वॉकर धरून गॅलरीपर्यंत चार फेऱ्या. मधला सगळा वेळ रिकामा. चालू मालिकांना ती विटली होती ("एका वाक्यावर तीन तीन वेळा तोंडं दाखवतात, मला काय पहिल्यांदा दिसत नाही का?"), म्हणून मी म्हटलं, तुला एक खरी चांगली सिरीज दाखवतो. खरं सांगायचं तर त्यात आईची करमणूक थोडी आणि माझी फुशारकी जास्त होती. आपल्याला आवडलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवताना आपण पडद्याकडे कमी आणि त्याच्या तोंडाकडे जास्त बघतो. हसली का? दचकली का? स्वतः केलेला पदार्थ वाढून समोर बसावं, तसं.

शिवाय आई रसायनशास्त्राची. ठाण्याच्या एका शाळेत तिने एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. 'ब्रेकिंग बॅड'चा नायक रसायनशास्त्राचा मास्तर आहे म्हटल्यावर ती चष्मा पुसून बसली. पहिल्याच भागात तो वर्गात बर्नरच्या ज्योतीवर फवारे मारून तिचे रंग बदलून दाखवतो आणि मागच्या बाकावरच्यांना त्याचं काडीचं कौतुक नसतं. आई एकदम म्हणाली, "स्ट्रॉन्शियमची लाल, तांब्याची हिरवी. मी करायचे हे. माझीही कार्टी खिडकीबाहेरच बघायची." त्या क्षणापासून तो तिच्यासाठी व्हाइट सर झाला. पगारात भागत नाही म्हणून शाळेनंतर गाड्या धुण्याच्या ठिकाणी काम करतो आणि तिथे त्याच्याच विद्यार्थ्याच्या गाडीची चाकं पुसायची वेळ येते, तेव्हा तिने नुसतं "अरेरे" केलं. जेसी, म्हणजे ज्याला जोडीला घेऊन सर पुढे नशेचा माल बनवायला लागतात तो त्यांचा जुना विद्यार्थी, तिला आवडला. त्याच्या जुन्या उत्तरपत्रिकेवर व्हाइट सरांनी लाल शाईत मारलेला खरमरीत शेरा दिसला तेव्हा मात्र तिने कपाळाला आठी घातली. "असा शेरा लिहितात का मुलाच्या पेपरावर? तिथेच बिघडलं सगळं." विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या एक प्राध्यापिका, डॉना नेल्सन, ह्या मालिकेला सल्ला द्यायच्या, हे मी तिला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, म्हणून ते प्लॅस्टिकमध्येच ठेवायचं, हे अगदी बरोबर दाखवलंय. पण त्याने बाथटब आणि खालची जमीन भोक पडून कोसळेल, हे काही पटत नाही. आणि इतका शुद्ध माल आहे म्हणतात, तर तो निळा कसा? शुद्ध असेल तर पांढरा नाहीतर बिनरंगाचा हवा.

मी खूश होतो.

बिनसलं ते तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला. स्कायलरला, म्हणजे व्हाइट सरांच्या बायकोला, सगळं कळलेलं असतं. ती नवऱ्याला घराबाहेर काढते आणि तो पिशव्या घेऊन परत घरात घुसतो. मी सवयीने म्हणालो, "ही बाई ना, भयंकर डोक्यात जाते." आईने माझ्याकडे वळून बघितलं. "का?" मी म्हटलं, सारखी आडवी येते, कटकट करते. आई म्हणाली, "त्या घरात शुद्धीवर असलेलं ते एकच माणूस आहे, आणि तू तिच्यावरच डाफरतोस? तिने करायचं काय, ओवाळायचं?" मग आणखी थोडी खणाखणी झाली आणि शेवटी ती म्हणाली, "तुम्ही सगळे ह्या सिरीयलला डोक्यावर घेता, पण एवढं कौतुक करण्यासारखं मला तरी काही दिसलं नाही. एक माणूस घरच्यांशी खोटं बोलतो आणि आपण त्याची युक्ती बघून टाळ्या वाजवायच्या. बस." त्यावर माझं ते वाक्य.

हे वाक्य मला नवीन नव्हतं, मी ते खाल्लेलं आहे. आमचा शनिवार रात्रीचा कट्टा आहे, तलावपाळीला, पंचविशी ओलांडल्यापासून चालू असलेला. पूर्वी तिथे क्रिकेट आणि नोकऱ्या असायच्या, गेली दहाबारा वर्षं सिरीजा असतात. त्यातला एक मित्र 'द वायर'चा वारकरी. बाल्टिमोर शहर, पाच सीझन, साठ भाग; लिहिणारा डेव्हिड सायमन तिथल्या वर्तमानपत्रात गुन्हेगारीच्या बातम्या देणारा, जोडीदार एड बर्न्स आधी पोलीस आणि मग शाळामास्तर; एवढी थोर मालिका असून तिला टीव्हीचा मोठा पुरस्कार, एमी, एकदाही मिळालं नाही. ही शेवटची गोष्ट तो अशा काही स्वरात सांगतो की जणू एमी त्याच्या सख्ख्या काकांनाच नाकारलंय. मी ती तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा सोफ्यावर झोपलो. "चौथ्या सीझनपर्यंत थांब रे, तो शाळेवर आहे, तिथे कळेल तुला." त्याची बायको पटकन म्हणाली, "पुरणपोळी चांगली आहे की नाही हे कळायला कुणी चौथ्या पोळीपर्यंत थांबतं का?" सगळे हसले, पण तो हसला नाही. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "तुला ती कळणार नाही." त्यानंतर आठवडाभर मी त्याच्या मेसेजला उत्तर दिलं नव्हतं.

गंमत म्हणजे पुढे मी 'द वायर' पूर्ण बघितली, आणि चौथा सीझन खरंच थोर आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.

आमच्या कट्ट्यावरचे हे वाद ऐकले तर कुणाला वाटेल की आम्ही कलेची चर्चा करतोय. नीट कान दिला तर त्यात भलतंच ऐकू येतं. 'ब्रेकिंग बॅड' मी बघितली 2013 साली, ऐरोलीच्या भाड्याच्या खोलीत, ऑफिसातल्या एकाने हार्ड डिस्कवर घालून दिलेली. सेकंड शिफ्ट संपवून रात्री बाराला यायचं, मॅगी टाकायची, लॅपटॉप दोन उशांवर ठेवून आम्ही तिघं भिंतीला टेकायचो. "आणखी एक" म्हणता म्हणता खिडकीबाहेर दूधवाल्याची सायकल वाजायची. त्यातला एक आता न्यू जर्सीत आहे, दुसऱ्याशी काही कारणाने बोलणं उरलेलं नाही. आज कुणी म्हणालं की ही सिरीज उगाच चढवून ठेवलीय, तर माझ्या डोळ्यांपुढे अल्बुकर्कचं वाळवंट येत नाही, ती दोन उशांची चळत येते. मग मी तावातावाने बोलायला लागतो: कॅमेरा, रंग, मालिकेचा कर्ता व्हिन्स गिलिगन. माझ्या बाजूने बोलायला ह्या सगळ्याला बोलावतो. साक्षीदार खरे आहेत, खटला मात्र वेगळाच.

म्हणून सगळं सारखंच, ज्याचं त्याला, असंही मी म्हणणार नाही. ह्या मालिकेत चुका आहेत आणि बळही आहे. पहिला सीझन सातच भागांत आटपला, कारण तेव्हा हॉलिवूडच्या लेखकांचा संप चालू होता. मला वाटतं त्या आखडण्याने तिचं भलंच झालं. शेवटचा भाग मात्र मला कधीच पटला नाही. डिकीत मशीनगन, एक बटण, आणि साचलेले सगळे हिशेब एका झटक्यात चुकते. आदल्या दोन आठवड्यांत जे बघितलं त्यानंतर इतकी नीटनेटकी आवराआवर खोटी वाटते. 'सोप्रानोज' ह्या दुसऱ्या गाजलेल्या अमेरिकन मालिकेच्या शेवटच्या भागात, 10 जून 2007 ला, पडदा मध्येच काळा केला, तेव्हा अमेरिकेतल्या कितीतरी लोकांना वाटलं की आपली केबलच गेली. आपल्याकडे ती खरंच जायची, त्यामुळे आपण सरळ केबलवाल्याच्या घरी जाऊन बेल वाजवली असती. त्या काळ्या पडद्यावर लोक अजून भांडतात. पण भांडावंसं वाटेल असा शेवट करायला धाडस लागतं, ते मला 'ब्रेकिंग बॅड'च्या शेवटात दिसत नाही. हे मी कट्ट्यावर मान्य करत नाही. तिथे मी वकील असतो.

कोथिंबीर घेऊन परत येताना जिन्यात 'आभाळमाया' आठवली. का आठवली, ते दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत कळलं. 1999 साल, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. संध्याकाळी आमच्या चाळवजा इमारतीत प्रत्येक दारातून ते शीर्षकगीत एकदम सुरू व्हायचं. जिना चढणाऱ्याला एकाही कडव्याचा एक शब्दही चुकायचा नाही. दुसऱ्या दिवशी कठड्यापाशी बायकांची सभा. सुधाने शरदला घरात घ्यावं का? मुलींनी त्याच्याशी बोलावं का? सुकन्या कुलकर्णी आणि मनोज जोशी हे नट आहेत, हे तळमजल्यावरच्या आजींना शेवटपर्यंत मान्य नव्हतं. मनोज जोशी दुसऱ्या कशात दिसले की त्या टीव्हीकडे पाठ करून बसायच्या. तेव्हाही भांडणं व्हायची, मालिका उगाच ताणतायत असं म्हणणारेही होते. पण सुधा डोक्यात जाते, असं म्हणताना मी कुणालाच ऐकलं नाही. नवऱ्याने बाहेर दुसरा संसार मांडलाय आणि बायको जाब विचारतेय, ह्यात कटकट कसली?

आणि तेच साल 'सोप्रानोज' सुरू झाल्याचं.

मेथी अजून निवडून व्हायची होती. मी कोथिंबीर ओट्यावर ठेवली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आईच्या मागेच उभा राहिलो. सुधाच्या घरात कॅमेरा आधीच येऊन बसलेला असायचा. शरदला बाहेरून, दार वाजवून आत यावं लागे. त्यामुळे आपणही घरातच बसून असायचो, सुधाबरोबर, आणि तो आला की आपल्या कपाळावर आठी. 'ब्रेकिंग बॅड'मध्ये आपण व्हाइट सरांच्या गाडीत त्यांच्या शेजारी बसलेलो असतो. बासष्ट भाग त्या गाडीतून जायचं. मग स्कायलर कोण? रस्त्यातला गतिरोधक. ती प्रश्न विचारते, गाडी हळू करावी लागते, आणि आपण चिडतो ते तिच्यावर. गाडी कुठे चाललीय, हे विचारायचं काम तिचं एकटीचं. तिचं काम करणाऱ्या ॲना गनवर तर लोक इतके चवताळले की ऑगस्ट 2013 मध्ये तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यावर लेख लिहिला. भूमिकेचा राग आपल्यापर्यंत कसा आला ते तिने लिहिलंय. ही बाई कुठे सापडेल, मला तिला मारायचंय, असंही कुणीतरी लिहून टाकलं होतं. तो लेख मी तेव्हाच वाचला होता. "हो, पण तरी" असं म्हणून पुढचा भाग लावला होता.

आमच्या घरात ती गाडी बाबांची होती.

1991 मध्ये मी आठवीत होतो. बाबा एका मित्राच्या कर्जाला जामीन राहिले होते आणि ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मित्र हप्ते चुकवत राहिला. पतपेढीच्या नोटिसा बाबांनी ऑफिसच्या पत्त्यावर वळवून घेतल्या होत्या, त्यातली एक चुकून घरी आली. आईने ती दाराशी उभी राहून वाचली, घडी केली आणि देवघराच्या फळीवर ठेवली. त्यानंतर चार वर्षं बाबांच्या पगारातून पैसे कापले जात होते. आई सकाळी सहाला शिकवण्या घ्यायची, संध्याकाळी शाळेतून आल्यावर पुन्हा. बाहेरच्या खोलीत अकरा मुलं, मी स्वयंपाकघरात ओट्याखाली पाट टाकून अभ्यास करायचो. "तुमच्यासाठीच केलं," बाबा म्हणायचे. मित्र पुढे धंद्यात भागी देणार होता, असं काहीतरी होतं. बाबा गोड माणूस. नाट्यगीतं म्हणायचे, पानं जमवायचे, महिन्याच्या पहिल्या रविवारी मला मामलेदारची मिसळ खायला न्यायचे. वाटेत खांद्यावर हात टाकून सांगायचे, "आईला सांगू नकोस हं, पैशावरून उगाच बोलेल." मिसळीचा तिखट कट, नाकातून पाणी, आणि आपल्या दोघांचं एक गुपित आहे ह्याचा केवढा आनंद! नातेवाईक म्हणायचे, दादा म्हणजे राजामाणूस, वहिनी जरा खडूस. मीही तेच म्हणायचो. मोठ्याने नाही, पण माझ्या मनातली बाजू ठरलेली होती. आई हिशेबाची वही उघडायची आणि मला वाटायचं, आली, आता सगळं बेचव करणार.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. मला ते अजून तितकेच आवडतात. हे इथे लिहिलं, तरी त्यात फरक पडत नाही.

त्या दिवसानंतर आम्ही एकत्र बघायचं बंद केलं. भांडण असं नव्हतं. रात्री मी विचारायचो, लावू का? ती म्हणायची, नको, पाय दुखतोय. मी आपला बातम्या लावायचो. दहाबारा दिवसांनी ऑफिसातून आलो, टीव्ही सुरू केला, तर 'ब्रेकिंग बॅड'चं चित्र सगळ्यात पुढे, आणि खालची लाल रेघ तिसऱ्या सीझनच्या दहाव्या भागाखाली पूर्ण भरलेली. ती दुपारी एकटी बघत होती. सबटायटल वाचायला वेळ लागतो म्हणून मध्ये मध्ये थांबवून, हे मला नंतर बायकोने सांगितलं. आई आतल्या खोलीत उशीवर पाय ठेवून पडली होती. मी दाराशी उभा राहिलो. तिनेच सुरुवात केली.

"आज ती माशीची झाली."

मी धसका घेतला. कारण हा तो भाग, ज्याच्यावर आमच्या कट्ट्यातला निम्मा कट्टा उखडलेला आहे. प्रयोगशाळेत एक माशी शिरते आणि व्हाइट सर सगळा भाग तिच्यामागे धावतात. दोन माणसं, एक खोली, एक शिडी. खर्च हाताबाहेर गेला होता म्हणून एकाच जागी उरकलेला भाग. लोकांनी दिलेल्या गुणांत अख्ख्या मालिकेत तळाला. आणि सगळ्यात वर असतो तो शेवटून तिसरा भाग, 'ओझिमँडियस', ज्याला कितीतरी वर्षं दहापैकी दहा गुण होते. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, रायन जॉन्सन; आणि मोइरा वॉली-बेकेट ह्या लेखिकेचा हात दोन्हींत आहे. म्हणजे त्याच हातांना आपण पहिलाही नंबर दिलाय आणि शेवटचाही. कट्ट्यावर हे सांगून मी एकदा सगळ्यांना गप्प केलं होतं, पण खासगीत मलाही माशीचा भाग रटाळ वाटायचा. दुसऱ्यांदा बघताना मी तो पुढे ढकलला होता.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"हीच तर चांगली होती," आई म्हणाली. "एकांकिकाच की रे. गडकरी रंगायतनला अशा किती बघितल्यात मी. सांगायचं असतं एक आणि माणूस बोलत राहतो माशीबद्दल." मग उठून बसायला तिने हात पुढे केला. मी धरला. तिचा तळवा बर्फाच्या पिशवीने गार पडला होता. "त्याला ती अंगाई आठवली ते बघितलंस का? आपण कधी मरायला हवं होतं, ते शोधतो तो. आणि कुठली रात्र सापडते? घरात टीव्ही चालू आहे, पलीकडच्या खोलीत बायको पोरीला झोपवतेय, आणि त्या यंत्रातून तिचा आवाज येतोय. बस, तेवढ्यावर संपायला हवं होतं म्हणतो." ती थोडा वेळ थांबली. "कटकटी बाई ना ती? मग तिचाच आवाज कसा आठवला?"

मी ते दृश्य बघितलेलं होतं, निदान दोनदा. माझ्या लक्षात राहिली होती ती शिडी, डुगडुगणारी, आणि झोपेच्या गोळ्या घातलेली कॉफी, आणि आता हा जेसीला खरं सांगून टाकतो की काय ह्याची धाकधूक. अंगाई मला आठवतच नव्हती. मी आईला म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो ना..." ती म्हणाली, "राहू दे." मग म्हणाली, "मेथी कडू निघाली होती त्या दिवशीची." बाहेर कुकरची शिट्टी झाली. तिने वॉकर जवळ ओढला, पण उठली नाही.

"एक सांग," ती म्हणाली. "पुढे कधी तो तिला सांगतो का? की मी ऐकत होतो म्हणून?"

मी मनातल्या मनात उरलेले भाग फिरवून आणले. पोहण्याचा तलाव, सुरी, तो फोन, शेवटची भेट. त्यात कबुली आहे, हे सगळं मी माझ्यासाठीच केलं हे तो सांगतो. पण हे नाही.

"नाही," मी म्हणालो.

"वाटलंच," आई म्हणाली, आणि उशाखालचा रिमोट काढून माझ्या हातात दिला. "लाव पुढची."